ठिगळ लावलेला खेळ घ्यावा काय?

विकत घेतलेली वस्तु सदोष निघाली तर ती दुकानदाराकडे परत न्यावी, हा व्यवहाराचा जुना नियम आहे. संगणकावरील खेळांच्या बाबतींत मात्र या नियमाला एक चमत्कारिक फांटा फुटला आहे. येथें वस्तु दुकानीं जात नाहीं. दुरुस्तीच घरीं चालत येते. आज सदोष म्हणून नाकारलेला खेळ वर्षभरानें चांगला होऊं शकतो, आणि ज्यानें तो पहिल्या दिवशीं घेतला त्याच्या घरचा खेळहि त्याबरोबर सुधारतो. या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ; नांव अगदीं यथार्थ आहे. मग प्रश्न असा कीं, ठिगळ लावलेला खेळ पैसे देऊन घ्यावा कीं न घ्यावा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु त्यांत घरचा पैसा, मुलांच्या सुटीचे दिवस आणि विकणाऱ्याच्या शब्दाची किंमत या तीनहि गोष्टी गुंतलेल्या आहेत.

या प्रश्नाचा ऊहापोह करण्यास 'एलिमेंटल: वॉर ऑफ मॅजिक' या खेळाइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत प्लिमथ येथें असलेल्या स्टारडॉक या संस्थेनें तो ऑगस्ट २०१० मध्यें विक्रीस काढला. खेळ अद्भुतरम्य डावपेचांचा. महाप्रलयानें उजाड झालेल्या एका जगांत खेळणारा हा मंत्रसामर्थ्य लाभलेला राजा होतो. तो ओसाड भूमि पुन्हां हिरवी करतो, नगरें वसवितो, सैनिकांचीं शस्त्रें व चिलखतें स्वतः योजतो. विवाह करतो, आणि मुलें मोठीं झालीं म्हणजे परराज्यांत सोयरीक जुळवून राजकारण साधतो. नकाशाकडे उंचावरून पाहूं लागलें म्हणजे सारें राज्य कापडावर रंगविलेल्या चित्रासारखें दिसूं लागतें. बेत मोठा होता, आणि वर्णन वाचून लोभ सुटावा असाच होता.

परंतु खेळ हातीं येतांच लोकांची निराशा झाली. कित्येकांच्या संगणकावर तो मध्येंच बंद पडे. संगणकानें चालविलेले प्रतिस्पर्धी राजे इतके मंद कीं, त्यांना जिंकण्यांत पुरुषार्थ उरेना. मंत्रांची संख्या मोठी. पण त्यांतील पुष्कळांचा परिणाम एकसारखाच. नांवांत ज्या मंत्रविद्येचें युद्ध होतें, तीच खेळांत फिकी पडली होती.

या प्रकाराला एक विशेष कडवटपणा होता. याच संस्थेनें ऑगस्ट २००८ मध्यें 'खेळणाऱ्यांच्या हक्कांची सनद' म्हणून एक जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. आपल्या संगणकावर न चालणारा खेळ परत करून पूर्ण पैसे मिळविण्याचा हक्क, खेळ पूर्ण झालेल्या स्थितींतच विक्रीस यावा अशी मागणी करण्याचा हक्क, आणि विक्रीनंतरहि खऱ्या उपयोगाच्या सुधारणांची अपेक्षा धरण्याचा हक्क, अशीं त्यांतील पहिलीं कलमें होतीं. दोन वर्षांनीं दुसऱ्या कलमाचा भंग सनद लिहिणाऱ्यांच्याच हातून झाला. संस्थेचे प्रमुख ब्रॅड वॉर्डेल यांनीं दोष जाहीरपणें स्वतःच्या माथीं घेतला. तथापि विक्री खालावल्यामुळें कांहीं नोकरांना कामावरून दूर व्हावें लागलें. घिसाडघाईची किंमत केवळ गिऱ्हाइकच देतो असें नाहीं.

यापुढची हकीकत गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या दिवसापासून दुरुस्त्या येऊं लागल्या, आणि त्या पुढें वर्षभराहून अधिक काळ येत राहिल्या. खेळ बंद पडण्याचें प्रमाण पुष्कळ कमी झालें, प्रतिस्पर्धी थोडे जागे झाले, कित्येक नियम नव्यानें बसविले गेले. तरीहि संस्थेनें अखेर निराळाच मार्ग धरला. 'सिव्हिलायझेशन ४' या प्रसिद्ध खेळावर 'फॉल फ्रॉम हेवन' नांवाची अद्भुतरम्य आवृत्ति हौसेनें रचून नांव मिळविलेले डेरेक पॅक्स्टन यांना तिनें पाचारण केलें, आणि त्याच जगावर आधारलेला 'फॉलन एन्चँट्रेस' हा स्वतंत्र खेळ ऑक्टोबर २०१२ मध्यें बाहेर काढला. विवाह व वंशविस्तार यांचें प्रकरण त्यांत गाळलें. वीरपुरुष, साहसें आणि लढाया यांना अधिक नेटका आकार दिला. त्याचें स्वागत पुष्कळ चांगलें झालें. आणि ज्यांनीं २०१० मध्यें पहिला खेळ घेतला होता, त्यांना हा नवा खेळ विनामूल्य देण्यांत आला. दिलेला शब्द मोडल्यावर भरपाई कशी करावी, याचा हा एक चांगला धडा म्हणतां येईल.

वरील इतिहासांत विवेकाचें सूत्र दडलेलें आहे. शिंप्यानें शिवलेल्या सदऱ्यांत दोष दोन प्रकारचे असूं शकतात. शिवण उसवली, गुंडी निसटली, तर दोन टाक्यांत काम भागतें. परंतु कापड बेततांनाच चूक झाली असेल, तर कितीहि ठिगळें लावलीं तरी सदरा अंगाला बसत नाहीं. नवें कापड घेऊन तो पुन्हां बेतावा लागतो. खेळ बंद पडणें, आंकडे चुकणें, एखादा मंत्र मुळींच न लागणें, हे शिवणीचे दोष होत. निरनिराळ्या मार्गांनीं खेळूनहि फळ एकच मिळणें, निर्णय घेण्याजोगें कांहीं नसणें, अर्धा डाव होतांच निकाल कळून चुकणें, हे बेतण्याचे दोष होत. एलिमेंटलमध्यें दोनहि प्रकारचे दोष होते. पॅचनें पहिले बरेचसे गेले. दुसऱ्यांसाठीं कर्त्यांनाच नवा खेळ बेतावा लागला.

याच्या उलट उदाहरण या कुळाच्या मूळ पुरुषाचें आहे. स्टीव्ह बार्शिया यांनीं योजिलेला, सिमटेक्स या संस्थेनें रचलेला आणि मायक्रोप्रोजनें १९९४ मध्यें प्रकाशित केलेला 'मास्टर ऑफ मॅजिक' हाहि जन्मतः रोगटच होता. तो वारंवार अडखळे. पण त्याचा बेत पक्का होता. अर्कानस आणि मिरर हीं दोन समांतर जगें, चौदा वंश, मंत्रांच्या पांच मुख्य शाखा आणि त्यांत दोनशेंहून अधिक मंत्र. आणि शाखा बदलली कीं राज्य चालविण्याची रीतच बदलावी, असा त्यांतील मेळ. अधिकृत दुरुस्त्या १.३१ या आवृत्तीशीं थांबल्या. प्रतिस्पर्ध्यांची बुद्धि तेव्हांहि कोतीच राहिली. परंतु खेळणाऱ्यांनीं तो टाकून दिला नाहीं. पुढें कित्येक वर्षें हौशी जाणकारांनींच त्याच्या दुरुस्त्या चालू ठेवल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्यें मुहा गेम्स या संस्थेनें त्याची नवी आवृत्ति रचली. ज्याच्यावर लोक आपण होऊन ठिगळें लावतात, तें वस्त्र मुळांत चांगलें असलें पाहिजे.

तेव्हां असा खेळ घेण्यापूर्वीं सुज्ञ गृहस्थानें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, परीक्षणाची तारीख. पहिल्या आठवड्यांतील परीक्षण आज दुकानांत असलेल्या खेळाचें नसतें. आणि जाहिरात तर कधींच तयार न झालेल्या खेळाचीहि असूं शकते. शेवटच्या दुरुस्तीनंतर लिहिलेला अभिप्रायच प्रमाण मानावा. दुसरी, दुरुस्त्यांची यादी. ती बहुधा प्रसिद्ध असते आणि कोणासहि वाचतां येते. तींत केवळ टाके घातल्याची नोंद आहे कीं तक्रारीच्या मुळाला हात घातला आहे, हें थोड्या लक्षानें कळतें. तिसरी, परत करण्याची मुभा. स्टीम या विक्रीगृहानें २०१५ पासून खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळलें असल्यास, पैसे परत देण्याची सोय ठेविली. जीओजी या विक्रीगृहानें २०२० मध्यें ती मुदत तीस दिवसांची केली व खेळून पाहिलेल्या खेळासहि लागू केली. येथें एक खोंच आहे. डावपेचांच्या खेळांत पहिले दोन तास राजधानी वसविण्यांतच जातात. बेतण्याचा दोष विसाव्या तासाला उघडा पडतो. म्हणून दोन तासांची मुभा शिवण तपासण्यास पुरते, बेत तपासण्यास पुरत नाहीं. त्यासाठीं, ज्यांनीं तो अनेकदां शेवटापर्यंत खेळला आहे त्यांचेंच मत घ्यावें.

आतां निर्णय. एलिमेंटलचा पहिला खेळ, सर्व ठिगळांसह, केवळ इतिहासाच्या जिज्ञासूनें घ्यावा. इतरांनीं त्यावर पैसा आणि त्याहून मोलाची सुटी खर्चूं नये. ज्याला तें जग आवडलें असेल त्यानें फॉलन एन्चँट्रेस घ्यावा. तोच सदरा तेथें नव्यानें बेतलेला आहे. ज्याला चित्रांच्या जुनाटपणाचें वावडें नसेल त्यानें मास्टर ऑफ मॅजिक अवश्य घ्यावा. आणि कोणताहि नवा खेळ, पुढें सुधारेल या भरंवशावर, पहिल्या दिवशीं घेऊं नये. आश्वासनाला बाजारांत भाव मिळूं लागला, म्हणजे वस्तु पुरी करण्याची घाई कोणालाच राहत नाहीं. खेळ जसा आहे तसा पाहून त्याचीच किंमत द्यावी. उद्यांच्या दुरुस्तीची किंमत ती आल्यावर देतां येते.