वेग कोणत्या मापाने मोजावा?



ह्या व्यासपीठावरून पंडितांनी बोलावे, अशी आपली रीत आहे. मी शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण लेथच्या कडेला आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात झाले. त्या ढिगात इंग्रजी मोटार-मासिकांचे अंक सापडत. चिटणीसांनी मला बजावले आहे की, संप आणि मोर्चे सोडून काहीही बोला. म्हणून मी जुन्या जग्वार मोटारींचा विषय घेतला आहे. ह्यांतली एकही गाडी मी चालवलेली नाही, हे आधीच कबूल करतो. मला कुतूहल आहे ते एवढेच की, एकाच घराण्यातल्या गाड्या रस्त्यावर आणि शर्यतीत मोजल्या, तर कोणती चांगली हे ठरवायचे कशावरून?

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री आगीवर पहारा करताना विल्यम लायन्स आणि त्यांचे इंजिनियर नव्या एंजिनाची आखणी करीत. ते सहा सिलिंडरांचे, ३,४४२ घनसेंटिमीटरचे एंजिन १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात एक्सके १२० ह्या गाडीत बसून लोकांपुढे आले. ताकद १६० अश्वशक्ती. नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैल, आपल्या हिशेबाने १९३ किलोमीटर. पुष्कळांना ही थापच वाटली. तेव्हा ३० मे १९४९ रोजी बेल्जियममध्ये याबेके गावाजवळच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून दाखवली. वेग भरला १३२.६ मैल, म्हणजे २१३ किलोमीटर.

आता हा आकडा निघाला कसा, ते पाहा. समोरची रुंद काच काढून चालकापुरती चिमुकली काच लावली होती. गिअरचे प्रमाणही बदललेले होते. ह्यात लबाडी नव्हती. ते गिअर गिऱ्हाइकालाही मागवता येत होते, आणि जाता-येता दोन्ही दिशांनी वेळ घेऊन सरासरी काढली होती. परंतु त्याच वर्षी 'द मोटर' ह्या नियतकालिकाने हीच गाडी तपासली, तेव्हा वेग आला १२४.६ मैल. पुढे मागणी वाढली. पहिल्या सुमारे २४० गाड्यांचे अंग ॲल्युमिनियमचे होते, ते १९५० पासून पोलादी झाले आणि वजन सुमारे पन्नास किलोंनी वाढले. नाव मात्र तेच. पेपरात आकडा वाचून गाडी घेणाऱ्याच्या दारात जी उभी राहिली, ती याबेकेची गाडी नव्हती.

त्यानंतर शर्यत. फ्रान्समधल्या ल माँची वाट बरीचशी एरवीच्या रहदारीचीच. शर्यतीपुरती बंद करतात. चोवीस तास पळायचे. त्या काळी जवळजवळ सहा किलोमीटर नाकासमोर जायचे आणि शेवटी एकदम वळायचे. १९५० साली तीन एक्सके १२० तिथे उतरल्या, त्याही जवळपास दुकानात मिळतात तशाच. लेस्ली जॉन्सन आणि बर्ट हॅडली ह्यांची गाडी मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. एंजिन दमले नाही, दमले ब्रेक. चालकांना वेग आवरण्यासाठी गिअर खाली टाकून एंजिनाचा आधार घ्यावा लागला. तो सगळा ताण क्लचवर आला, आणि तीन तास उरले असताना क्लच गेला. बाकीच्या दोन गाड्या बाराव्या आणि पंधराव्या आल्या.

त्या काळचे ब्रेक ढोलाचे असत. ढोलाच्या आत अस्तराचे जोडे दाबले जात. घर्षणाची उष्णता आत कोंडते, तापलेला ढोल फुगून जोड्यांपासून दूर सरतो, अस्तराची पकड सुटते. पाय तळाला जातो आणि गाडी मात्र चालतच राहते. त्यात एक्सके १२० ची मागची चाके पत्र्याने झाकलेली. ज्या घाटाने ती देखणी दिसे आणि वारा कापी, त्याच घाटाने ब्रेकांचा वारा अडवला होता. याबेकेच्या सरळ रस्त्यावर हे कोणाला कसे दिसावे? तिथे वेग गाठायचा होता, आवरायचा नव्हता.

१९५१ साली तेच एंजिन सुमारे २०० अश्वशक्तीचे करून नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात बसवले. ही सी-टाइप. पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड ह्यांनी तिच्यावर ल माँ जिंकली. आणि पुढच्याच वर्षी फजिती! इटलीतल्या मिल्ले मिल्या शर्यतीत मर्सिडीझचा वेग पाहून घाबरलेल्या मंडळींनी घाईघाईने गाडीचे नाक लांब आणि बसके केले. थंड करणारी व्यवस्था अपुरी पडली, एंजिने तापली आणि १९५२ च्या ल माँमध्ये तिन्ही गाड्या लवकरच बाद झाल्या. वेगाचा आकडा वाढवण्याच्या नादात टिकाव गमावला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सके १२० ची बंद टपाची गाडी पॅरिसजवळच्या मॉन्लेरीच्या वर्तुळाकार वाटेवर सात दिवस सात रात्री पळवली. सरासरी ताशी १००.३ मैल. मध्येच स्प्रिंग तुटली. बाहेरून नवी बसवली, तर त्यापुढचे विक्रम धरले जाणार नव्हते. तेव्हा सोबत्यांच्या जिवाला जादा धोका नको, म्हणून जॉन्सन तुटक्या स्प्रिंगवर एकटा नऊ तास चालवत राहिला. याबेकेचा आकडा मोठा खरा, पण माझ्या लेखी हा त्याहून वजनदार आहे.

१९५३ साली सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकांसह ल माँला आली. ह्यात उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. उघडा तवा लवकर निवतो, झाकलेले पातेले निवत नाही, हे आपल्या भगिनींना सांगायला नको. फेरारीची ताकद जास्त होती. पण सरळ रस्त्याच्या शेवटी ढोलाच्या ब्रेकवाल्यांना आधीच वेग सोडावा लागे, सी-टाइपवाले उशिरापर्यंत पळत राहत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन पहिले आले, दुसरी आणि चौथी गाडीही जग्वारचीच. सरासरी होती १०५.८ मैल, ल माँमध्ये शंभराच्या पलीकडची ही पहिली. थांबण्याची खात्री होती म्हणून पळता आले! आणि १९५७ साली हे ब्रेक रस्त्यावरच्या एक्सके १५० वर आले. शर्यतीने गिऱ्हाइकाला दिलेली खरी देणगी ही.

आता चिटणीसांना दिलेला शब्द थोडा मोडतो. मी टर्नर होतो तेव्हा आमच्या खात्यात टाइम-स्टडीवाला घड्याळ घेऊन येई. सकाळची वेळ, नुकतीच धार लावलेले हत्यार आणि आमच्यातले सर्वांत तरबेज नाना. त्यांचा एक नग मोजून तोच दर सगळ्यांना, आठ तासांसाठी. मी म्हणालो, "साहेब, दुपारी चारला या, हत्यार तापलेले असताना मोजा." ते हसले. ते याबेकेवाले होते, आम्ही ल माँवाले.

पण पुढे मी पुढारी झालो आणि तीच चूक मी केली. गेटसभेला गर्दी लोटली, घोषणांनी आवार दणाणले, आणि त्या एका संध्याकाळच्या आकड्यावर मी संप पुकारला. सातव्या आठवड्यात घराघरांतले डबे रिकामे झाले. तडजोडीची संधी तिसऱ्या आठवड्यात आली होती. ती मी नाकारली, कारण थांबायचे कसे ह्याचा विचारच केला नव्हता. नाना माझ्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सुरुवात झकास होती रे." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

म्हणून सांगतो, कोणी वेगाचा आकडा समोर ठेवला, मग तो मोटारीचा असो, कारखान्याचा असो वा माझ्यासारख्या पुढाऱ्याचा, तर तीन गोष्टी विचारा. कोणत्या रस्त्यावर मोजला? किती वेळ टिकला? आणि ब्रेक कसले आहेत?