पुरातून परत आलेली हत्यारे
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



घरच्या वर्कशॉपविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि व्यासपीठावर उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. शिवाय लेथ, कानस आणि गंज हा काय हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे बोलण्याचा विषय? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, पुराचे पाणी आपल्या पेठेत कोणाच्या दारात आले नाही? आणि विळी कोणाच्या घरी नाही?" त्यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आमच्या परसात पत्र्याची शेड आहे, हे तुम्हांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. तिच्यात एक साडेचार फुटी लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि लाकडी बाकाला घट्ट बसवलेला शेगडा, एवढाच पसारा. बाकी मामंजींच्या हातची हत्यारे: ऐरण, हातोडे, सांडशी, छिन्न्या, गुण्या आणि पेटीभर कानशी. पिठाच्या गिरणीचे बुश, पंपाचे शाफ्ट, रसाच्या चरकाची झिजलेली खुंटी अशी कामे ह्यांच्याकडे येतात. त्यावरच आमचे घर चालते. आपल्या कोल्हापुरात ही काही नवलाची गोष्ट नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात हाताने तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. ऑइल इंजिनांनी तर या गावाचे नाव दूरवर नेले. लोखंडाला हात लावायला भिणारे हे गाव नव्हे.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या वर्षी ते ५५ फुटांच्या वर गेले. आम्ही सासूबाई, मुले आणि कागदपत्रांची पेटी एवढे घेऊन बाहेर पडलो. लेथ कोण डोक्यावर घेणार?

परत आलो तेव्हा शेडमध्ये छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ उमटलेली होती आणि तिच्या खालचे सगळे लोखंड विटकरी रंगाचे झाले होते. शेगडा फिरेना. कानशींचा एकच गठ्ठा झालेला. दोन दिवसांनी भंगारवाला दारात आला आणि किलोवर भाव सांगू लागला. हे पायरीवर बसून होते. म्हणाले, "देऊन टाकू. उद्यापासून कुठेतरी कामाला लागतो." पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून असे शब्द मी कधी ऐकले नव्हते. मी भंगारवाल्याला म्हटले, "दादा, खंडेनवमी झाल्यावर या." खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तिला दोन महिने होते. तोवर निदान पूजेपुरती तरी हत्यारे स्वच्छ करावीत, एवढाच माझा विचार होता.

आता गंज म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही एकदम मिळाली की त्याचा गंज होतो. यांतले एक तोडले तरी गंज थांबतो. मीठ लागले की तो झपाट्याने वाढतो. म्हणूनच घामाच्या हाताने धरलेल्या स्वच्छ लोखंडावर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबडे उठतात. तांब्याचा कळकट थर खालच्या तांब्याला थोडेफार सांभाळतो, पण गंजाचे तसे नाही. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून गंज आपोआप थांबेल या आशेवर बसू नये.

पहिले काम चिखल काढण्याचे. वाळलेला चिखल ओल धरून ठेवतो, म्हणून आधी सगळे स्वच्छ पाण्याने भरपूर धुतले, पुसले आणि लगेच उन्हात ठेवले. मग मी लेथकडे वळले. जाड पॉलिशपेपर घेऊन त्याच्या लांब पट्टीवर जोर काढणार, तोच पायरीवरून हे ओरडले, "थांब! तो बेड आहे, तवा नव्हे!" आणि उठून आत आले. परत आल्यापासून ते आपण होऊन शेडमध्ये आले ते तेव्हा पहिल्यांदा. ह्यांनी समजावून सांगितले की त्या पट्टीच्या सरळपणावर लेथचे सगळे काम अवलंबून असते. जाड कागदाने घासले तर गंजाबरोबर लोखंडही कमीजास्त झिजते आणि मग त्या लेथवर काही सरळ कातले जात नाही. त्यांनी बेडवर डिझेल ओतले, रात्रभर मुरू दिले आणि सकाळी भांडी घासायच्या मऊ घासणीने, सपाट लाकडी ठोकळ्यावर धरून, हलक्या हाताने पुसायला लावले. पूर्वी याला रॉकेल वापरत, पण ते आता सहज मिळत नाही. गिअरच्या पेटीतले तेल पाणी मिसळून दुधासारखे पांढरे झाले होते. ते काढून आत डिझेलने धुतले, नवे तेल भरले आणि चक हाताने फिरवून पाहिला. बेअरिंगे खरखरत होती ती बदलली. मोटार मात्र आम्ही चालू करून पाहिली नाही. ओल्या वायंडिंगला वीज दिली की मोटार जळते आणि माणसालाही झटका बसतो. ती सोडून वायंडिंगवाल्याकडे दिली.

लहान हत्यारे माझ्या वाट्याला आली. किरकोळ गंजाला साधे व्हिनेगर पुरते. रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासावे. लिंबूसत्त्वही चालते. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम घालावे आणि दर तासाला पाहत राहावे. हे 'पाहत राहावे' मी चुकून शिकले. पाहुणे आले म्हणून एक कानस व्हिनेगरमध्ये चार दिवस विसरले. गंज गेला आणि कानशीचे दातही गेले. आंबट पाणी गंज खाऊन झाला की लोखंड खाऊ लागते. म्हणून बाहेर काढल्याबरोबर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून, धुऊन, त्याच क्षणी कोरडे करून तेल लावावे. पाच मिनिटे तसेच राहिले तरी नवा तांबूस पडदा चढतो. स्प्रिंगा आणि कडक पाणी दिलेली पाती आम्लात घालू नयेत, ती पुढे तडकण्याची भीती असते.

संडास साफ करण्याचे ॲसिड गंजाला घालू नका, असे मी हात जोडून सांगते. त्याच्या वाफेने डोळे आणि छाती जळते आणि त्याच खोलीतले दुसरे चांगले लोखंडही गंजते. ते ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळले तर विषारी वायू निघतो.

जास्त गंजलेल्या हत्यारांना धुण्याच्या सोड्याची आणि विजेची रीत उत्तम. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा दोन-तीन मोठे चमचे विरघळवावा. एका बाजूला भंगार लोखंडाची पट्टी आणि तिच्यापासून दूर, तिला न टेकता, आपले हत्यार टांगावे. बारा व्होल्टच्या साध्या बॅटरी-चार्जरची उणे बाजू हत्याराला आणि अधिक बाजू भंगाराला जोडावी. बुडबुडे येऊ लागतात आणि काही तासांत गंज सैल होऊन काळ्या चिखलासारखा पुसून निघतो. या रीतीत चांगले लोखंड खाल्ले जात नाही. मात्र चिमटे उलटे लागले तर हत्यारच खाल्ले जाते. माझ्या हातून मामंजींची एक छिन्नी अशीच गेली. देवीचे व्रण पडावेत तशी खड्ड्यांनी भरली. त्या दिवशी मी जेवले नाही. तेव्हापासून उणे बाजूच्या चिमट्याला मी हिरवा दोरा बांधून ठेवला आहे.

आणखी तीन गोष्टी. बुडबुड्यांत जळणारा वायू असतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळ विस्तव नसावा. बादलीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. आणि भंगार म्हणून स्टीलचे ताट किंवा चमचा कधी लावू नये, त्यातून पाण्यात विष उतरते.

आता माझ्या भगिनींसाठी सांभाळायच्या गोष्टी. फिरते मशीन माणूस ओळखत नाही. शेडमध्ये जाताना मी बांगड्या काढते, मंगळसूत्र पोलक्यात घालते आणि वेणीचा घट्ट अंबाडा बांधते. साडी नेसून लेथजवळ जातच नाही. पदर खोचला म्हणून भागत नाही, तो सुटायला एक क्षण पुरतो. हातमोजेही फिरत्या मशीनपाशी घालू नयेत, मोजा अडकला तर हातही ओढला जातो. चकची चावी चकात राहू देऊ नये, मशीन सुरू होताच ती गोळीसारखी उडते. ग्राइंडरपाशी डोळ्यांना चष्मा हवाच. लोखंडाचा कीस हाताने झाडू नये, ब्रशने झाडावा.

एकदा शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "ही काय बायकांची कामे?" मी गप्प राहिले, पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझे मामंजी घण मारत तेव्हा भाता मीच ओढत होते. पोर पाठीला बांधून ओढला आहे." मला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. पेटीतल्या प्रत्येक छिन्नीला सासूबाईंच्या भात्याचा वारा लागलेला होता. गेलेल्या छिन्नीचे त्यांना सांगायला मला मग जास्तच जड गेले. त्या एवढेच म्हणाल्या, "हात चालतो त्याच्याच हातून मोडते."

खंडेनवमीला सगळी हत्यारे पाटावर मांडली. सगळी वाचली असे नाही. मायक्रोमीटर आणि निम्म्या कानशी गेल्याच. खड्डे पडलेली छिन्नीही मी मांडली, तिलाही कुंकू लावले. दसऱ्यानंतर मोटार परत आली आणि लेथवर पहिले काम झाले ते एका गिरणीच्या बुशाचे. भंगारवाला आला तेव्हा ह्यांनीच त्याला गेलेल्या कानशी दिल्या आणि चहा पाजला.

२०२१ च्या जुलैत नदी पुन्हा चढली. पण या वेळी पाणी ३९ फुटांवर गेल्याचे ऐकताच आम्ही कामाला लागलो. मोटार सोडून माळ्यावर नेली, लहान हत्यारे तेलाच्या फडक्यात गुंडाळून वर ठेवली आणि बेडवर ग्रीसचा बोटभर थर दिला. पाणी या खेपेलाही शेडमध्ये शिरले. पण आम्ही परतलो आणि ग्रीस पुसले, तर खाली लोखंड जसेच्या तसे चकाकत होते. पंधरा दिवसांत काम सुरू झाले. पहिल्या वेळी दोन महिने गेले होते.

तेव्हा भगिनींनो, मला सांगायचे ते एवढेच. लोखंड टिकते ते रोजच्या थोड्या लक्षावर. ज्येष्ठात पापड-कुरडयांचे डबे भरून झाले की एक दुपार घरातल्या लोखंडासाठी काढावी. विळी, अडकित्ता, कात्री, कुदळ सगळे पुसून तेल लावावे. शिवणयंत्राला त्याचेच तेल द्यावे. तवा-कढईला मात्र खाण्याचेच तेल लावावे. गंज घासून, धुऊन, चुलीवर कोरडी करून, तेलाचे पातळ बोट फिरवून चांगली तापू द्यावी, म्हणजे तेलाचा काळा थर धरतो. मशीनचे तेल किंवा गंजाची औषधे अन्नाच्या भांड्याला लावू नयेत. हत्यारे गोणपाटात बांधून ठेवू नयेत, गोणपाट ओल धरते. फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावीत.

कोणाच्या घरी आजोबांची पेटी गंजून पडली असेल, तर किलोवर देण्यापूर्वी एकदा माझ्याकडे आणा. बादली आणि चार्जर आमच्या परसात आहेत. फक्त चिमटे लावताना मला बोलवा, हिरवा दोरा कुठला ते मी दाखवीन.