एक हरीण आणि हजारो कबुतरे
(‘द पायोनिअर्स’ या कादंबरीतील निसर्गविचार)



आजच्या विवेचनासाठी मी जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) या अमेरिकन लेखकाची ‘द पायोनिअर्स’ ही कादंबरी घेतली आहे. ती १८२३ साली प्रसिद्ध झाली. सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांच्या शास्त्राला ‘इकॉलॉजी’ हे नाव हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने दिले ते १८६६ मध्ये. म्हणजे ज्या विचाराला अद्यापि नावही लाभले नव्हते, तो येथे कथेच्या रूपाने अवतरला आहे.

कथेचा आरंभ १७९३ च्या नाताळात होतो. न्यूयॉर्क राज्यातील ऑट्सेगो सरोवराच्या काठी रान तोडून टेंपलटन हे गाव वसत आहे. कूपरच्या वडिलांनी याच काठी वसविलेले कूपरस्टाउन हे त्याचे मूळ होय. गावचा धनी न्यायाधीश टेंपल. आणि त्या डोंगरात चाळीस वर्षे झोपडी करून राहिलेला वृद्ध शिकारी नॅटी बम्पो.

वसंत ऋतूत स्थलांतर करणाऱ्या रानकबुतरांचे थवे गावावरून जाऊ लागतात, तो प्रसंग सावकाश वाचण्याजोगा आहे. आकाश झाकोळून जाते. सारा गाव बाहेर पडतो. कोणाच्या हाती बंदूक, कोणाच्या हाती धनुष्य, पोरांच्या हाती लांब काठ्या. एवढ्याने समाधान होत नाही म्हणून एक जुनी लहानशी तोफ आणून तिच्यात छर्रे भरतात! जमिनीवर जखमी पाखरांचा खच पडतो. ती वेचायलाही कोणाला सवड नसते. नॅटी मात्र उडत्या थव्यातून नेमका एकच पक्षी टिपतो आणि आपल्याला जेवणापुरता तो पुरे म्हणून निघून जातो.

येथे कूपरची दृष्टी बारकाईने पाहावी. नॅटी अहिंसावादी नाही. तो शिकारीच आहे. त्याची तक्रार मारण्याबद्दल नसून नासाडीबद्दल आहे. पुढे सरोवरातील मासेमारीच्या रात्रीही हाच भेद दिसतो. गावकरी प्रचंड जाळे ओढून माशांचे ढीग काठावर टाकतात. त्यांतले पुष्कळसे वाया जाणार हे उघड असते. नॅटी मशालीच्या उजेडात भाल्याने एक मासा घेतो. जाळ्यातील मासे देऊ केले असता तो ते नाकारतो.

न्यायाधीश टेंपल हा माझ्या मते अधिक विचार करायला लावणारा माणूस आहे. त्याला सारे कळते. ज्याच्या रसापासून साखर करतात तो मेपल वृक्ष चुलीत जाळला म्हणून तो घरात रागावतो. रसासाठी खोडावर बेफाम घाव घालणाऱ्या बिली कर्बी या लाकूडतोड्याला फटकारतो. परंतु कबुतरांच्या दिवशी तोही त्या धुंदीत सामील होतो, जाळ्याच्या दोरीलाही हात लावतो, आणि मागाहून हळहळतो. त्याचा उपाय एकच : कायदा.

तो कायदा प्रथम पकडतो कोणाला? नॅटीला! बंदीच्या काळात त्याने एक हरीण मारले. त्याच दिवशी त्याने न्यायाधीशाच्या मुलीला जंगली श्वापदाच्या तावडीतून सोडविले होते. झोपडीच्या झडतीसाठी माणसे येतात, त्यांत तोच बिली कर्बी असतो. नॅटी त्यांच्यावर बंदूक रोखतो. शिक्षा होते : तासभर खोड्यात पाय, शंभर डॉलर दंड, महिनाभर कैद. तोफ डागणारांना मात्र कोणी न्यायालयात बोलावीत नाही; कारण त्यांनी कोणताच नियम मोडलेला नाही.

कायदा व्यर्थ, असा निष्कर्ष येथून काढणे घाईचे ठरेल. त्या कबुतरांचे पुढे काय झाले ते पाहा. ‘पॅसेंजर पिजन’ नावाची ही जात एके काळी अब्जांनी मोजली जाई. मादी एका वेळी एकच अंडे घाली, आणि विणीसाठी लक्षावधी पक्षी एकत्र जमत. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राने वसाहतीचा पत्ता कळू लागला, आगगाडीने मेलेली पाखरे शहरांच्या बाजारात जाऊ लागली, आणि अरण्येही तुटत गेली. राज्याराज्यांतून चालणाऱ्या चोरट्या शिकारीच्या व्यापाराला आळा घालणारा ‘लेसी कायदा’ १९०० मध्ये झाला. तोवर रानातील थवे संपले होते. शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. कूपरच्या गावकऱ्यांना हे सांगितले असते तर ते हसले असते.

या कादंबरीत एक उणीव मला जाणवते. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमी, त्यांचा प्रतिनिधी म्हणून एकच वृद्ध मोहिकन येतो आणि मरण पावतो. जमिनीच्या वारशाचा प्रश्न शेवटी गोऱ्या कुटुंबांतच मिटतो.

वर्गात हे कथानक सांगताना कबुतरांचा प्रसंग आणि खटला हे दोनच भाग घ्यावेत; बाकीची प्रेमकथा लांबट आहे. चौथीच्या मुलांना न्यायाधीश, नॅटी, लाकूडतोड्या आणि गावकरी अशा भूमिका देऊन खटला पुन्हा चालविता येईल. निकाल आधी सांगू नये. मुलांचा निवाडा झाल्यावर मार्थाची हकीकत सांगावी, आणि कोणाला आपला निवाडा बदलावयाचा आहे काय, एवढेच विचारावे.