मांजराचा आजार आणि माणसाचे घर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर राष्ट्राचे, समाजाचे, अर्थकारणाचे मोठमोठे प्रश्न मांडले गेले आहेत. त्या थोर विषयांच्या पंगतीत आमच्या मांजरासाठी एक पाट मांडल्याबद्दल चालकांचे आभार मानून आम्ही आरंभ करतो. विषयाचे नाव वाचून काही मंडळी हसली, असे आमच्या कानी आले. त्यांच्या हसण्याला आमची हरकत नाही. परंतु ज्यांच्या घरी मांजर आहे आणि ज्यांनी ते दोन दिवस अन्नावाचून कोपऱ्यात बसलेले पाहिले आहे, ते हसले नसतील, अशी आमची खात्री आहे.

आम्ही पेशाने पशुवैद्य. आमच्या विद्यार्थिदशेत बैल, म्हैस आणि घोडा यांच्या दुखण्यांतच आमचा सगळा वेळ जाई. मांजर म्हणजे उंदीर मारणारा बिनपगारी चाकर. तो आजारी पडला तर अडगळीत जाऊन बसे, बरा झाला तर परत येई, न आला तर दुसरा येई. पुढे मांजर परसातून स्वयंपाकघरात आले, स्वयंपाकघरातून माजघरात आणि आता ते मालकाच्या उशीवर झोपते. ते घरात आले त्याबरोबर त्याचे आजारही बदलले. कोणत्या मांजराला आजार लवकर गाठतो आणि का, हाच आजचा विषय.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. रोगाचे कारण निराळे आणि धोक्याचे कारण निराळे. विहिरीची एखादी पायरी शेवाळलेली असली, तर तिच्यावरून उतरणारा प्रत्येकजण पडतो असे नाही. परंतु पडणारा बहुधा तिथेच पडतो. धोक्याची कारणे म्हणजे अशा शेवाळलेल्या पायऱ्या. त्यांतील काही मांजर जन्माबरोबर आणते, काही वयाबरोबर येतात, आणि काही आपण आपल्या हातांनी घरात बांधतो. या तीन खात्यांत आपण हिशेब मांडू.

पहिले खाते जन्माचे. हल्ली शहरांत पर्शियन मांजर पाळण्याची हौस फार वाढली आहे. चपटे नाक, गोल तोंड आणि लोकरीसारखे केस यांचे कौतुक होते. परंतु त्याच चपट्या नाकामुळे त्याला श्वासाला त्रास होतो, डोळे सतत पाझरतात आणि दात दाटीवाटीने उगवतात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे या जातीत मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग आहे. त्याला कारण असलेला जनुकातील दोष २००४ साली सापडला. हा दोष आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरे; म्हणजे प्रत्येक पिलाला तो मिळण्याचा संभव निम्मा. मेन कून नावाच्या धिप्पाड जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा रोग असाच रक्तातून उतरतो. त्याचा एक जनुकदोष २००५ साली कळला. स्कॉटिश फोल्ड जातीचे दुमडलेले कान तर मुळात कूर्चेच्या रोगाचेच चिन्ह होय. तोच रोग पुढे सांध्यांत उतरतो. देखणेपणासाठी दामदुप्पट पैसे मोजणाऱ्याने आपण सोबत काय विकत घेतले, हे एकदा विचारून घ्यावे. आपल्या गल्लीतली साधी मनी या बाबतीत पुष्कळ सुदैवी. तिचा वंश मात्र निसर्गाने कठोरपणे पारखून घेतला आहे, हेही विसरू नये.

दुसरे खाते वयाचे. पिलाला पहिले काही आठवडे आईच्या दुधातून आलेली रोगप्रतिकारशक्ती सांभाळते. ती ओसरू लागते त्याच सुमारास पार्व्हो कुळातला एक विषाणू टपून बसलेला असतो. तो आतड्यांवर आणि रक्तातील पांढऱ्या पेशींवर घाला घालतो. उलट्या, हगवण आणि दोनचार दिवसांत पिलू हातचे जाते. हा विषाणू जमिनीत, फडक्यांत, टोपलीत महिनोन् महिने तग धरतो. म्हणून ज्या घरात एक पिलू असे गेले, त्या घरात लगेच दुसरे लस न टोचलेले पिलू आणणे म्हणजे जाणूनबुजून त्याला आगीत टाकणे होय. लस सहाआठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीनचार आठवड्यांच्या अंतराने, पिलू सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचतात. पुष्कळांना ही पशुवैद्याची कमाईची युक्ती वाटते. वस्तुस्थिती अशी, की आईकडून आलेली शक्तीच लसीलाही निकामी करते. ती शक्ती कोणत्या पिलात कधी संपेल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून लस पुन्हा टोचावी लागते. आणि आपल्या देशात पिसाळ रोग अद्याप आहे. त्याची लस मांजराला टोचणे हे घरातल्या माणसांचेही रक्षण होय.

वयाच्या दुसऱ्या टोकाला, दहाबारा वर्षांनंतर, मूत्रपिंडे थकतात, दात खराब होतात, गळ्यातील ग्रंथी जास्त काम करू लागते. म्हातारे मांजर खूप पाणी पिऊ लागले, किंवा भरपूर खाऊनही वाळू लागले, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. वय हा रोग नव्हे.

आता तिसरे खाते, घराचे. याच खात्यासाठी आम्ही येथवर आलो.

प्रथम अन्न. आपल्याकडे मांजराचे अन्न म्हणजे दूधभात. मोठ्या मांजराला दुधातली साखर पुष्कळदा पचत नाही, हे एक झाले. परंतु खरा धोका दुसराच आहे. मांजर हे जन्मतः मांसाहारी. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांसमासळीतूनच मिळवावे लागते. स्वतःच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही. दुधातील केसीन हेच ज्यांचे मुख्य प्रथिन होते अशा मांजरांच्या डोळ्यांचे पडदे टॉरिनच्या अभावी झिजतात, असे अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली दाखविले. १९८७ साली असे दिसून आले, की याच अभावामुळे मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, आणि टॉरिन दिल्यावर ते पुष्कळ अंशी सुधारतेही. जी मांजरे दूधभातावर वर्षानुवर्षे जगलेली दिसतात, ती परसातल्या उंदरांवर आणि शेजारच्या मासळीवर जगलेली असतात. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला उंदीर कोठला? ज्यांच्या घरात मांस शिजत नाही, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. त्यांनी टॉरिन घातलेले तयार खाद्य आणावे. तेही जमत नसेल, तर मांजर न पाळता त्याला दुसरे घर शोधून द्यावे. आपले व्रत आपण पाळावे. मांजराकडून पाळून घेऊ नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. त्याला तहान कमी लागते आणि त्याचे मूत्र घट्ट असते. उंदराच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. कोरड्या दाणेदार खाद्यात दहाच्या आसपास. नुसत्या कोरड्या खाद्यावर वाढलेला, लठ्ठ, घराबाहेर न पडणारा बोका असेल, तर त्याचा अरुंद मूत्रमार्ग खड्यांनी किंवा चिकट खळीने तुंबण्याचा धोका मोठा असतो.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका संध्याकाळी एक गृहस्थ आपला बोका पाटीत घालून घेऊन आले. बोका सारखा कण्हत होता, कुंथत होता. 'शौचाला होत नाही' असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही पोटाला नीट हात न लावता ते खरे मानले. जुलाबाचे औषध दिले, सकाळी या म्हणालो. सकाळी ते आले. पाटी रिकामी होती. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच आम्हांला आजवर टोचत आले आहे. त्याची लघवी तुंबली होती. लघवी तुंबली की विष आणि पोटॅशियम रक्तात साचते आणि एकदोन दिवसांत हृदय थांबते. म्हणून कळकळीने सांगतो: बोका वारंवार कुंथताना दिसला आणि वाळू कोरडी राहिली, तर रात्र असो, सण असो, सकाळची वाट पाहू नका. आणि तुमचा वैद्य पोटाला हात न लावता औषध देऊ लागला, तर त्याला पोट तपासावयास सांगा.

तिसरी गोष्ट वजनाची. खच्चीकरण केलेल्या मांजराची अन्नाची गरज कमी होते, भूक मात्र वाढते. शस्त्रक्रिया अवश्य करावी. तिच्यामुळे बोक्यांच्या मारामाऱ्या थांबतात, आणि मादीची ती लहान वयात केली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका पुष्कळच घटतो. परंतु त्यानंतर वाटी लहान केली पाहिजे. लठ्ठ मांजराला मधुमेह लवकर जडतो. शिवाय असे मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर अंगातील चरबी यकृतात साठून यकृतच बंद पडू लागते. आपल्याला उपवास मानवतो. लठ्ठ मांजराला तो मारतो.

चौथी गोष्ट औषधाच्या पेटीची. ताप आला म्हणून एखादी आजी मायेने पॅरासिटॅमॉलची गोळी चुरून दुधातून देते. जी गोळी नातवाला बरे करते, ती एकच गोळी मांजराला मारू शकते. कारण तिचे विष मोडण्याचे जे साधन माणसाच्या यकृतात आहे, ते मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते, श्वास कोंडतो. कुत्र्याच्या पिसवांवरचे परमेथ्रिन असलेले औषधही मांजराला तितकेच घातक. आणि समारंभातून घरी आणलेल्या पुष्पगुच्छात तुतारीच्या घाटाची मोठी लिली असेल, तर ती मांजराच्या वाटेला ठेवू नका. तिची एखादी पाकळी किंवा अंगावर पडून चाटलेले परागसुद्धा दोनतीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी करतात.

पाचवी गोष्ट गर्दीची आणि भटकंतीची. मांजराला होणारी एड्ससारखी व्याधी ज्या विषाणूमुळे होते, तो १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला. तो मुख्यतः चाव्यातून पसरतो. म्हणून रात्री कौलांवर लढाया करणारे बोके त्याला अधिक बळी पडतात. माणसाला तो लागत नाही, तेव्हा भीतीने कोणी मांजर रस्त्यावर सोडू नये. उलट दयेपोटी दोन खोल्यांत पंधरा मांजरे ठेवणाऱ्यांच्या घरी शिंका, डोळ्यांची दुखणी आणि हगवण हटत नाहीत. सर्दीचा एक विषाणू मांजराच्या अंगात दडून राहतो आणि बिऱ्हाड बदलले, नवे मांजर आले, फटाके वाजले, की त्या धसक्याने पुन्हा जागा होतो. मांजर तितकी वाळूची घमेली आणि वर एक जास्त, हा साधा नियम पाळला तरी अर्धे भांडण मिटते.

शेवटी एकच सांगावयाचे. मांजर दुखणे लपविते. कुत्रे विव्हळते, म्हैस हंबरते. मांजर मात्र निमूटपणे कपाटाखाली जाते. ते वाघाची मावशी असले, तरी रानात त्याचीही शिकार होत असे. दुखणे दाखविणे म्हणजे मरण ओढवून घेणे, ही जुनी शिकवण ते विसरलेले नाही. ते आपले दुखणे सांगणार नाही, ते आपल्यालाच पाहावे लागेल: आज त्याने किती खाल्ले, वाळू किती भिजली, रोज चढते त्या खिडकीवर ते चढले की नाही. याला पैसा लागत नाही. दिवसातून एकदा त्याच्याकडे नीट पाहावे लागते, एवढेच.

जन्माच्या आणि वयाच्या पायऱ्या आपल्याला बदलता येत नाहीत. घरातल्या पायरीवरचे शेवाळ मात्र आपण खरवडून काढू शकतो. आज घरी गेल्यावर आपल्यापैकी एकाने जरी दूधभाताच्या वाटीकडे किंवा कोरड्या वाळूकडे निराळ्या दृष्टीने पाहिले, तरी त्या रिकाम्या पाटीचे ऋण आम्ही थोडेसे फेडले, असे समजू.