अक्कलदाढेचें दुखणें

जतसारख्या गांवीं वीस-बावीस वर्षांचा एखादा तरुण सकाळीं भाकरीचा घास घ्यावयास तोंड उघडूं लागतो आणि तें दोन बोटांपलीकडे उघडत नाहीं. खालच्या जबड्याच्या अगदीं शेवटीं ठणका असतो, गिळतांना कानांत कळ जाते. घरांतील वडील मंडळी हंसून म्हणतात, "अक्कल येऊं लागली!" विनोद जुनाच आहे, पण त्याच्या भरांत उपचाराचे चार दिवस फुकट जातात, ही खेदाची गोष्ट होय.

अक्कलदाढ सामान्यतः १७ ते २५ या वयांत येते. तोंवर जबड्यांतील जागा इतर दांतांनीं व्यापलेली असते. मग ती तिरपी होते, अर्धीच वर येते, आणि उरलेल्या भागावर हिरडीचें झांकण राहतें. त्याखालीं अन्नाचे कण शिरतात. ब्रश तेथें पोंचत नाहीं. जंतूंना याहून सोयीचें बीळ कोणतें? हिरडी सुजते, वरची दाढ त्या सुजेवरच चावते, आणि सूज दुणावते. तोंडास दुर्गंधि, झांकण दाबतांच पू, जबड्याखालीं गांठ, कधीं ताप, हीं त्याचीं लक्षणें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. गुटखा, मावा किंवा सुपारी चघळणाऱ्याचेंही तोंड उघडेनासें होतें. परंतु तें महिनोन् महिने, हळूहळू, ठणक्यावांचून, आणि तिखट लागतांच आग होऊन. तो अगदीं निराळा रोग असून त्यांतून पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. त्याचा दोष अक्कलदाढेवर ढकलणें घातक होय.

घरीं करण्यासारखें थोडेंच आहे. कोमट मिठाच्या पाण्यानें दिवसांतून चार-पांच वेळां चुळा भराव्या आणि मऊ ब्रशानें ती जागा जपून स्वच्छ करावी. वेदना असह्य झाल्यास पॅरासिटामॉल योग्य मात्रेंत घ्यावें. लवंगेचें तेल हिरडीवर ओतणें किंवा तंबाखूची गोळी दाबून धरणें यांनीं हिरडी भाजते. गालावर बाहेरून कढत शेक देऊं नये. औषधाच्या दुकानांतून जंतुनाशक गोळ्या मागून आणून दोन दिवसांत टाकून देण्याची जी रीत पडली आहे, ती तर निव्वळ अविचाराची. दाढेखालील घाण गोळीनें निघत नसते. दंतवैद्य झांकणाखालील जागा धुऊन काढतात, क्ष-किरण छायाचित्र पाहतात, आणि सूज ओसरल्यावर दाढ ठेवावी कीं काढावी तें ठरवितात. खालच्या जबड्यांतील शीर दाढेच्या मुळांस लगटून असूं शकते, म्हणून हें छायाचित्र महत्त्वाचें. सरळ आलेली, नीट घांसतां येणारी दाढ उगाच काढण्याचें कारण नाहीं.

मात्र सूज जिभेखालीं उतरली, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळवेना, आवाज घोगरा झाला किंवा श्वास कोंडूं लागला, तर तें दांतदुखणें राहिलें नाहीं. हा विकार जर्मन वैद्य लुडविग यांनीं १८३६ मध्यें वर्णिला; पेनिसिलिनपूर्वीं त्यानें पुष्कळ रोगी दगावत. अशा वेळीं उमदी, संख, माडग्याळ या गांवांकडील माणसानें सकाळच्या एस. टी.ची वाट पाहूं नये. १०८ क्रमांकास दूरध्वनि करून थेट मोठें रुग्णालय गांठावें. १८९४ मध्यें डॉक्टर वान्लेस यांनीं रुग्णालय उघडल्यापासून मिरजेची वाट या मुलखास परकी नाहीं.

खरा प्रतिबंध म्हणजे अठराव्या वर्षाच्या सुमारास एकदां दंतवैद्यास दाढा दाखविणें. एकदां सूज येऊन गेली, कीं ती पुनः येण्याचा संभव फार. ठणका थांबला म्हणून ठरलेली भेट मोडणारे लोक बहुधा दुसऱ्या खेपेस अधिक त्रासानें येतात. दाढ काढल्यावर पहिले चोवीस तास चुळा भरूं नयेत, थुंकूं नये, विडी-तंबाखूस तर शिवूं नये. जखमेंतील रक्ताची गुठळी निसटल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशीं भयंकर ठणका सुरू होतो. तसें झाल्यास पुनः दंतवैद्याकडेच जावें.