घंटा कोणी ऐकावी?

संगणकाचा प्रोसेसर एकाग्र चित्ताने आकडेमोड करीत बसलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. नेटवर्क कार्डावर संदेशांची पुडकी येऊन पडली, की ते कार्ड घंटा वाजवते. डिस्कने मागितलेली माहिती आणून ठेवली, की तीही घंटा वाजवते. ह्या घंटेस ‘इंटरप्ट’ म्हणतात. ती ऐकताच प्रोसेसर हातचे काम थांबवतो, तिला ओ देतो आणि मग मूळ कामाकडे वळतो.

प्रोसेसर एकच होता, तोवर वाटणीचा प्रश्नच नव्हता. आज एका यंत्रात आठ, सोळा, क्वचित चौसष्टही प्रोसेसर नांदतात. साऱ्या घंटा त्यांतल्या एकाच्याच माथी आल्या, तर तो बिचारा ओ देता देताच थकतो. शेजारी मात्र स्वस्थ! पुडकी तुंबतात, जागा संपली की टाकून दिली जातात, आणि दूर कोठे तरी उत्तराची वाट पाहणारा मनुष्य साऱ्या यंत्रालाच बोल लावतो.

लिनक्स प्रणालीत ही वाटणी पाहण्यासाठी ‘आयआरक्यूबॅलन्स’ नावाचा एक सेवक पडद्याआड राबतो. सामान्यतः दर 10 सेकंदांनी तो घंटांची नोंदवही वाचतो, कोणावर किती भार पडला ह्याचा अदमास घेतो आणि जरूर तेथे एखादी घंटा दुसऱ्या प्रोसेसरकडे वळवतो.

हा सेवक आंधळी समता पाळत नाही, हे त्याचे शहाणपण. प्रत्येक प्रोसेसरपाशी ‘कॅश’ नावाची छोटी पण चपळ स्मृती असते. तेच काम पुनःपुन्हा त्याच्याकडे आले, तर लागणारे साहित्य तेथे हाताशीच सापडते. घंटा घटकाघटकेला नव्या दारी नेली, तर ते दर वेळी दूरच्या मुख्य स्मृतीतून आणावे लागते, आणि वाटणी होऊनही वेळ वायाच जातो. म्हणून नेटवर्कच्या घंटा शक्यतो एकेका प्रोसेसरशी बांधलेल्या राहतात. डिस्कच्या घंटा मात्र एकच कॅश वापरणाऱ्या शेजाऱ्यांत वाटता येतात.

एक अडचण पुष्कळांना चकवते. एखादा व्यवस्थापक स्वतः विचार करून एक घंटा विशिष्ट प्रोसेसरकडे सोपवतो. थोड्या वेळाने पाहतो, तो ती भलतीकडेच! दोष यंत्राचा नसतो. सेवकाने आपले नित्याचे काम केलेले असते. अशा वेळी ‘ह्या क्रमांकाच्या घंटेस हात लावू नये’ अशी आज्ञा सेवकाच्या मांडणीत आधीच लिहून ठेवावी लागते.