विंचवाचा उतारा कुणी शोधला?

आमच्या शिरूर कासारकडे कडब्याची गंजी काढताना, गोवऱ्या उचलताना, दगडी भिंतीच्या सांदीत हात घालताना कुणाला ना कुणाला विंचू चावतोच. नाथमहाराजांनी विंचवावर भारूड रचले ते काही उगीच नाही. काळी इंगळी दिसायला भयंकर. पण जिवावर उठतो तो लहानसा तांबडा विंचू. त्याचे विष भिनले की दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. पूर्वी कितीतरी लेकरे अशी हातची गेली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठाल्या औषध कंपन्या, त्यांनी यावर औषध का काढले नाही? अहो, विंचू चावतो शेतकऱ्याला, मजुराला. त्याच्या रिकाम्या खिशाकडे पाहून कारखाना कोण काढणार?

मग हे काम कुणी केले? आपल्या मराठवाड्याच्याच माणसाने. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावसकर 1976 साली कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम यांची बारकाईने नोंद ठेवली. त्यावरून विषाची चाल त्यांना उमगली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरले. हे औषध परदेशी कंपनीने काढले होते रक्तदाबासाठी! पण आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते, हे हेरले खेड्यातल्या डॉक्टरने. 1961 च्या सुमारास शंभरांतले चाळीस रोगी दगावत. 2014 पर्यंत हे प्रमाण शंभरांत एकाच्याही खाली आले.

काम तिथेच थांबले नाही. घोड्याच्या रक्तातून विंचवाचे प्रतिविष काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेनेही ते तयार केले. महाडला बावसकर पती-पत्नींनी 70 रोग्यांवर तुलना केली. नुसत्या प्राझोसिनने दहा तासांत 35 पैकी 8 जण पूर्ण बरे झाले. जोडीला प्रतिविष दिले तेव्हा 35 पैकी 32. हा निष्कर्ष 2011 साली ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

श्रोतेहो, औषध एका ठिकाणचे, प्रतिविष दुसरीकडचे, आणि निरीक्षण खेड्यातले. आता मोठ्या कंपन्याही म्हणू लागल्या आहेत की सगळी अक्कल आपल्याच चार भिंतींत नाही. विद्यापीठे, सरकारी प्रयोगशाळा, बाहेरचे डॉक्टर यांना सोबत घ्यावे. चांगलेच आहे. मात्र भागीत पेरलेल्या शेताची रास घरी यावी लागते. तसे ते औषध तालुक्याच्या दवाखान्यात आले, तरच ती भागी खरी.

गुरुजी, आपण मुलांना एवढे जरूर शिकवा: विंचू चावला की वेळ लिहून ठेवायची, उताऱ्या-मंत्रात घटका दवडायची नाही, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. प्राझोसिन आपल्या मनाने द्यायचे नाही. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. आणि डॉक्टरांना जे पाहिले ते नीट सांगायचे. कुणी सांगावे, पुढचा शोध त्यातूनच लागेल!